कोणाचे मत मानायचे?

कॉलेजात शिकलेला, डोक्याने तल्लख आणि एखाद्या विषयाचा खरा जाणकार अशा तिघांना आपण एकाच रांगेत बसवतो. घरात कोणी इंजिनिअर झाला की आजीच्या औषधापासून शेतीच्या व्यवहारापर्यंत त्याचा शब्द अंतिम ठरतो. या तीन गोष्टींची गल्लत महागात पडते, कधी जिवावरही बेतते. म्हणून त्या वेगळ्या करून पाहायला हव्यात.

शिक्षणाने काय मिळते

इतरांनी कष्टाने मिळवलेले ज्ञान शिक्षण आपल्याला क्रमाने देते. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला, कारण त्यावाचून बहुजनांची लूट थांबणार नव्हती. ते मोल आजही तसेच आहे. मात्र पदवी एका विषयाची असते आणि एका काळाची असते. शिवाय शिकलेले वापरावे लागते. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या, तेव्हा त्यांत पदवीधरही उभे होते. मूर्तीला टेकवलेल्या चमच्यातले दूध का ओढले जाते आणि ओघळून जाते, हे सांगणारे पृष्ठीय ताण आणि केशाकर्षण त्यांनी शाळेत शिकलेले होते.

बुद्धीचे माप

बुद्धी म्हणजे पटकन समजण्याची, दुवे जोडण्याची, नवा प्रश्न सोडवण्याची क्षमता. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली फ्रान्समध्ये बुद्धिमापनाची चाचणी तयार केली, ती शाळेत जास्त मदत लागणारी मुले ओळखण्यासाठी. बुद्धी जन्मभरासाठी ठरून गेलेली असते हे बिने यांना मान्य नव्हते. पुढे त्या आकड्याला लोकांनी माणसाची किंमत करून टाकले.

बुद्धीचा एक धोका मला फार गंभीर वाटतो. हुशार माणसाला आपल्या चुकीच्या समजुतीसाठीही उत्तम युक्तिवाद सापडतात.

दोन नोबेल आणि क जीवनसत्त्व

लायनस पॉलिंग यांना १९५४ साली रसायनशास्त्राचे आणि १९६२ सालचे शांततेचे नोबेल मिळाले. दोन्ही एकट्याने मिळवणारा दुसरा माणूस नाही. रासायनिक बंधांवर त्यांचे मत म्हणजे जगातले सर्वांत जाणते मत होते. १९७० मध्ये त्यांनी क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने सर्दी टळते असे सांगणारे पुस्तक लिहिले, आणि लोकांनी गोळ्यांसाठी दुकाने गाठली.

नंतर त्यांनी कर्करोगाकडे मोर्चा वळवला. स्कॉटलंडचे शल्यचिकित्सक यूअन कॅमेरॉन यांच्यासह त्यांनी १९७६ साली लेख प्रसिद्ध केला: हे जीवनसत्त्व दिलेले १०० रुग्ण इतर १००० रुग्णांपेक्षा कितीतरी जास्त जगले. पण ते हजार रुग्ण जुन्या नोंदींतून निवडलेले होते. दोन्ही गटांची अवस्था सुरुवातीला सारखी होती की नाही, हे त्यातून कळत नव्हते. हे तपासण्यासाठी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाने चिठ्ठी टाकावी तसे रुग्ण दोन गटांत वाटले. गोळी खरी की नकली हे रुग्णालाही माहीत नव्हते आणि डॉक्टरलाही. फायदा दिसला नाही. आधीच्या केमोथेरपीमुळे असे झाले, हा पॉलिंग यांचा आक्षेप. मग केमोथेरपी न घेतलेल्या रुग्णांवर दुसरी चाचणी झाली. १९८५ साली तिचाही निकाल तोच आला. पॉलिंग यांनी तोही मानला नाही.

त्यांच्याकडे शिक्षण होते, अफाट बुद्धी होती. औषधाची परीक्षा कशी करायची, या विषयात मात्र त्यांचे मत जाणत्याचे नव्हते.

तिसरीपर्यंत शिकलेले संशोधक

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले, जमीन जेमतेम. १९८३ साली आपल्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, पुढच्या हंगामात पुन्हा निवडल्या. वर्षानुवर्षे ताडून पाहिल्यावर त्यांनी ते धान इतरांना दिले. बारीक दाण्याचा एचएमटी तांदूळ तो हाच. त्या काळी गाजलेल्या घड्याळाचे नाव त्याला चिकटले. २०१८ साली ते गेले. एवढे देऊनही त्यांच्या हाती पैसा आला नाही, ही आपल्या व्यवस्थेची लाजिरवाणी गोष्ट आहे.

धानाबद्दल त्यांचे मत अभ्यासातून आलेले होते. निरीक्षण, वेगळी लागवड, तुलना, पुन्हा खात्री ही सगळी शिस्त त्यात होती. तेच मत कर्करोगावर विचारले असते, तर तुमच्या-माझ्या मताइतकेच ठरले असते.

जाणते मत कसे ओळखावे

त्यामागे पुरावा असतो, आणि तो कसा गोळा केला हे सांगता येते. विरुद्ध बाजूचे म्हणणे नीट मांडता येते. कोणती गोष्ट समोर आली तर आपण मत बदलू, हेही सांगता येते. पॉलिंग अडले ते याच शेवटच्या ठिकाणी. आणि जाणकाराला आपल्या विषयाची हद्द माहीत असते. त्यापलीकडे तो ‘मला माहीत नाही’ म्हणतो.

औषध, बियाणे किंवा गुंतवणुकीबद्दल कोणी छातीठोकपणे सांगू लागले, तर त्याची पदवी विचारू नका. हे कशावरून, किती वेळा तपासले आणि उलट काही आढळले का, एवढे जरूर विचारा. घरातल्या थोरामोठ्यांनाही विचारा, आदराने, पण विचारा.