बागरोजा : सुलतान आणि त्याचा फिरंगी हकीम

नगरला येणारा पाहुणा भुईकोट किल्ला बघतो, नेहरूंची खोली बघतो आणि वेळ उरलाच तर चांदबीबी महालाचा डोंगर चढतो. मलिक अहमद, चांदबीबी, मोगल, इंग्रज ही उजळणी शाळेतच झालेली असते. दिल्ली दरवाजाबाहेरच्या बागरोजाकडे मात्र फारसे कुणी वळत नाही. शहराचे नाव बदलले तरी ही उपेक्षा तशीच आहे.

काळ्या दगडाची ही घुमटाकार वास्तू म्हणजे निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याची कबर. आवारात गुलाम अली हत्तीचे थडगेही आहे. तालिकोटच्या लढाईत विजयनगरच्या रामरायाला पकडणारा तोच हा हत्ती, ही गोष्ट तिथे भेटलेल्या एका वृद्ध चाचांनी मोठ्या हौसेने ऐकवली. मी विचारत होतो ते गार्सिया द ओर्ताबद्दल. ते नाव त्यांनी कधी ऐकलेच नव्हते.

ओर्ता हा मलिक अहमदच्या मुलाचा, पहिल्या बुऱ्हाण निजामशहाचा पोर्तुगीज वैद्य. त्याचे आईवडील स्पेनमधले ज्यू. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकलले तेव्हा ते पोर्तुगालला आले आणि पाचच वर्षांत तिथेही सक्तीने ख्रिस्ती केले गेले. मुलगा जन्मला तो ‘नवा ख्रिस्ती’ हा शिक्का घेऊनच. सालामांकाला वैद्यक शिकून १५३४ मध्ये तो मार्तीम आफोंसो द सोझाच्या ताफ्याबरोबर गोव्यात उतरला आणि पुन्हा मायदेशी गेला नाही. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. गोव्याहून नगरला त्याच्या फेऱ्या होत. दरबारातल्या हकिमांशी त्याचे औषधांवर वाद रंगत, आणि हिंदू वैद्यांचेही चांगले ते घ्यायला तो मागेपुढे पाहत नसे. त्यातूनच १५६३ मध्ये गोव्यात त्याचा संवादरूप ग्रंथ छापून निघाला. हिंग, भांग, धोतरा, आंबा, विड्याचे पान, सगळे त्यात आहे. युरोपने आपल्या औषधी प्रथम नीट ओळखल्या त्या या पुस्तकातून.

मला सगळ्यांत जास्त भावली ती सुलतान आणि हकिमाची जोडी. बुऱ्हाणचा आजोबा पाथरीच्या कुळकर्ण्यांच्या घरातला, पकडला जाऊन मुसलमान झालेला. नातवाने ते लपवले नाही. इतिहासकार फिरिश्ता लिहितो की पाथरी आपल्या पूर्वजांची म्हणून त्याने ती वऱ्हाडच्या इमादशहाकडे मागितली, लढून घेतली आणि तिथल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिली. पुढे बुऱ्हाण स्वतः शिया झाला, तरी पाथरीचे नाते त्याला जड झाले नाही. त्याच्यासमोर नाडी बघायला बसणारा हा माणूस मात्र आजोबांचा धर्म ओठावरही आणू शकत नव्हता. कोकणात, अलिबागेच्या आसपास, तेव्हा शनवार तेली म्हणवले जाणारे ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवून उघडपणे आपला दिवस पाळत होते. ते कुणालाही खुपत नव्हते. ओर्ताच्या वाट्याला हे सुख आले नाही, कारण तो पोर्तुगिजांच्या राज्याची प्रजा होता.

१५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, बसले. १५६८ मध्ये ओर्ता वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारीना ज्यू धर्म पाळते म्हणून जिवंत जाळली गेली. १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळली.

बुऱ्हाण १५५३ मध्ये वारला. त्याला याच बागेत वडिलांजवळ पुरले होते. नंतर त्याची हाडे सन्मानाने करबलेला नेली. हे वाचल्यापासून बागरोजात उभे राहिले की मला नुसता घुमट दिसत नाही.

पणजीत चर्चसमोरच्या बागेला ओर्ताचे नाव आहे. नगरमध्ये त्याचा उल्लेख असलेली पाटी मला कुठे सापडली नाही. इथे एक चांगले ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. तिथे त्याच्या ग्रंथातल्या पानांच्या प्रती मांडाव्यात, आणि बागरोजाच्या फाटकाशी बुऱ्हाण व त्याच्या हकिमाची माहिती मराठीत लावावी. याला फार पैसा लागत नाही.