दोन हात आणि बुद्धीचं मोजमाप

डाव्या हातात पेन्सिल धरली की पूर्वी बोटांवर पट्टी बसायची. आता 'डावखुरा आहे, हुशार निघणार' असं कौतुक होतं. मारामागे आणि कौतुकामागे समजूत एकच, की हातावरून बुद्धीची पारख होते. पुराव्याचा तिला आधार नाही. अमेरिकेत सात हजारांहून अधिक शाळकरी मुलांचा अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्यात डावखुऱ्या आणि उजव्या मुलांच्या बुद्ध्यंकात म्हणावा असा फरक आढळला नाही. नंतर अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा उजव्यांचं पारडं किंचित जड दिसलं, पण एखाद्या मुलाबद्दल अंदाज बांधायला ते अगदीच अपुरं आहे.

खरा पेच आहे तो कुठलाच हात ठामपणे पुढे नसलेल्या मुलांचा. ब्रिटनमध्ये मार्च १९५८ मधल्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. अकराव्या वर्षी त्यांना कागदावरच्या चौकोनांत एका मिनिटात जमतील तितक्या खुणा करायला सांगितल्या, प्रत्येक हातानं वेगळ्या. १२,७७० मुलांची ही माहिती संशोधक टिम क्रो आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली तपासली. ज्यांचे दोन्ही हात जवळपास सारखे चालले, ती मुलं वाचनात आणि गणितात सरासरीनं मागे होती. मेंदूच्या कुठल्या अर्धगोलानं पुढाकार घ्यायचा हेच ठरलेलं नसतं, म्हणून असं होतं, असा क्रो यांचा तर्क होता.

हा तर्क मला पटत नाही. चाचणीत मोजलं गेलं ते दोन हातांमधलं अंतर. दोन्ही हात सारखेच चपळ असलेलं मूल आणि दोन्ही सारखेच अडखळणारं मूल या मापानं एकाच रांगेत बसतं. अडखळणाऱ्याच्या बाबतीत हाताची आणि वाचनाची मंद वाढ एकाच तिसऱ्या कारणानं झालेली असू शकते. शिवाय ऑस्ट्रियातल्या मुलग्यांच्या २००२ मधल्या अभ्यासात अशी घसरण दिसलीच नाही. दोन्ही हात वापरणारा म्हणजे 'अर्धा डावखुरा' हेही खरं नाही. सतरा लाखांहून अधिक लोकांच्या २०२१ मधल्या जनुकीय अभ्यासात डावखुरेपणाशी निगडित ४१ आणि उभयहस्ततेशी निगडित ७ जनुकीय जागा सापडल्या, आणि दोहोंचा परस्परसंबंध क्षीण निघाला.

यावर फिनलंडचा दाखला पुढे येईल. तिथल्या सुमारे आठ हजार मुलांपैकी ८७ मिश्रहस्त, म्हणजे कुठलाच हात ठामपणे पुढे नसलेल्या, मुलांत, सात-आठ वर्षांच्या वयात, भाषेच्या अडचणींची शक्यता दुपटीच्या आसपास होती. हा निष्कर्ष झटकून टाकता येणार नाही. पण शक्यता दुप्पट असणं म्हणजे प्रत्येक मूल अडचणीत असणं नव्हे, आणि हात बदलून ती अडचण दूर होईल असंही त्यातून निघत नाही. हाताला वळण लावून बुद्धी सुधारण्याचा प्रयत्न पूर्वीही झाला आहे: दोन्ही हातांना वळण लावून मेंदू तल्लख करण्याची चळवळ लंडनमध्ये १९०३ पासून मोठ्या उत्साहानं चालली होती. जेम्स क्राइटन-ब्राउन या डॉक्टरांनी १९०७ मध्येच तिला जाहीर विरोध केला. मूल वाचताना अडखळत असेल तर त्याचं वाचन तपासावं, त्याची भाषा लक्ष देऊन ऐकावी आणि वेळीच मदत द्यावी. पेन्सिल कुठल्या हातात धरायची, हे त्याचं त्याला ठरवू द्यावं.