माहिती चौकट : तुळजापूरचा पिढीजात हलवाई

अंमल : १९४८ सालापर्यंत हे क्षेत्र निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असल्यामुळे, भवानीच्या महाद्वाराकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मिठाईच्या व्यवहारातही हाली सिक्का हे निजामी चलन चाले.

कृती : साखरेचा कढता पाक किंचित सोड्याने फुगवून त्याचे थेंब थेंब पसरून निवू दिले म्हणजे बत्तासे होतात, तोच पाक दोरा लावलेल्या लाकडी साच्यांत ओतला, की गुढीपाडव्याच्या गाठी सिद्ध होतात.

खवा : पेढ्याचा जीव असलेल्या खव्याकरिता याच जिल्ह्यातील भूम तालुक्यातले कुंथलगिरी, जे जैनांचे सिद्धक्षेत्रही आहे, ख्यातनाम आहे.

हंगाम : शारदीय नवरात्रापासून, सोलापूरकर भाविक पायी येतात त्या कोजागरी पौर्णिमेपर्यंत भट्टीला उसंत नसते.