विमानतळावरील पंक्तिभेद

वाटसराची विश्रांति हा आपल्याकडे पूर्वीं पुण्याचा विषय होता. आज तो व्यापाराचा विषय झाला आहे. विहीर खणणें, घाट बांधणें, धर्मशाळा उभारणें, उन्हाळ्यांत पाणपोई घालणें हीं कामें आपल्या पूर्वजांनीं परलोकावर दृष्टि ठेवून केलीं. अहिल्याबाई होळकरांनीं (१७२५–१७९५) आपल्या राज्याच्या सीमेपलीकडे, काशी-गयेसारख्या दूरदूरच्या क्षेत्रीं, जीं बांधकामें करविलीं त्यांचा उपयोग करणाऱ्यापाशीं कोणी पावती मागत नसे. त्या काळच्या धर्मशाळांतून जातींचे भेद होते, हें आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. परंतु थकलेल्या माणसाला बसण्यास जागा व पिण्यास पाणी देतांना त्याच्या थैलीचें वजन पाहूं नये, एवढें तत्त्व तरी लोकांच्या मनांत रुजलेलें होतें. त्या तत्त्वाचें आधुनिक विमानतळावर काय झालें आहे हें पाहावें, असा या लेखाचा हेतु आहे.

हा विषय आमच्या वाचकांस परका नाहीं. ज्यांतील एखादा मुलगा, मुलगी, जांवई किंवा नातू परदेशीं नाहीं, असें सुशिक्षित घर आज शोधूनच काढावें लागेल. लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठीं साता समुद्रांपलीकडे निघालेल्या आजीबाई मुंबईच्या विमानतळावर नित्य दृष्टीस पडतात. परदेशचें विमान म्हटलें कीं तीन तास आधीं पोंचावें लागतें. त्यांतून पुष्कळशीं विमानें मध्यरात्रीनंतर सुटणारीं. म्हणजे ज्या वेळीं वृद्ध माणसानें अंथरुणावर असावें, त्या वेळीं त्यानें दिव्यांच्या झगमगाटांत खुर्चीवर ताटकळत बसावयाचें. आणि तेथून चार पावलांवर एक कांचेचें दार असतें. त्या दाराआड मऊ कोच, मंद दिवे, गरम जेवण, स्वच्छ न्हाणीघरें आणि मुख्य म्हणजे शांतता असते. या जागेला ‘लाउंज’ म्हणतात. आपण तिला विश्रामदालन म्हणूं.

या दालनांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १९३९ सालीं न्यूयॉर्क येथें ला गार्डिया विमानतळ सुरू झाला. त्याच्या बांधणीच्या वेळीं नगराध्यक्ष फिओरेल्लो ला गार्डिया यांनीं वरच्या मजल्यावरील एक दालन वार्ताहरांशीं बोलण्यासाठीं व बैठकींसाठीं राखून ठेविलें होतें. इमारतींतील सर्व जागा विमान कंपन्यांस भाड्यानें द्यावयाची आहे, असें त्यांनीं एकदां सांगतांच, हें दालनहि त्यांत आलें काय, असा प्रश्न एका वार्ताहरानें केला. ला गार्डिया यांनीं होकार दिला, आणि अमेरिकन एअरलाइन्स कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानें तें दालन तत्काळ मागून घेतलें, अशी हकीकत सांगतात. कंपनीचीं विमानें त्या वेळीं ‘फ्लॅगशिप’, म्हणजे आरमारांतील मुख्य जहाज, या नांवानें ओळखलीं जात. तेव्हां अध्यक्ष सी. आर. स्मिथ यांनीं ज्या प्रवाशांची मर्जी राखणें इष्ट वाटलें त्यांस ‘ॲडमिरल’, म्हणजे आरमाराचे सरखेल, अशी मानाची पदवी बहाल केली होती. त्यावरून या दालनाचें नांव ‘ॲडमिरल्स क्लब’ असें पडलें. सरखेल हा शब्द वाचतांच आमच्या वाचकांस कान्होजी आंग्रे आठवतील. आंग्र्यांनीं ती पदवी लढून मिळविली आणि या सरखेलांनीं तिकिटें काढून मिळविली, एवढाच काय तो फरक!

प्रारंभीं पुष्कळ वर्षें या क्लबांत केवळ कंपनीच्या निमंत्रणानें प्रवेश मिळत असे. कोणास बोलवावें व कोणास वगळावें हें कंपनी ठरवी. त्यांत नामांकित मंडळी असत, राजकारणी असत, कांहीं साधे परंतु एकनिष्ठ गिऱ्हाईकहि असत. पुढें एक प्रवासी, हा पक्षपात आहे, म्हणून न्यायालयाची पायरी चढला. त्यानंतर निमंत्रणाची चाल जाऊन वर्गणीची चाल आली. येथें वाचकांनीं क्षणभर थांबून विचार करावा. एका माणसानें पक्षपाताविरुद्ध दाद मागितली. परंतु तेवढ्यानें दार सर्वांस उघडलें नाहीं, केवळ किल्ली बदलली. पूर्वीं ओळखीनें उघडणारें दार आतां पैशानें उघडूं लागलें.

तेव्हांपासून या किल्लीचा थाट वाढतच गेला आहे. जर्मनींतील फ्रँकफुर्ट येथें लुफ्तान्सा कंपनीनें २००४ सालीं आपल्या पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठीं एक स्वतंत्र इमारतच उघडली. तेथें सामानाची तपासणी निराळी, पासपोर्ट पाहणारे अधिकारी निराळे. निजण्यास खोल्या, स्नानास टब, आणि त्या टबांत तरंगत ठेवण्यास रबराचीं बदकें! विमानाची वेळ झाली कीं प्रवाशास मोटारींत बसवून थेट विमानापाशीं नेऊन सोडतात. सामान्य प्रवाशाची सावलीहि त्याच्यावर पडत नाहीं. दुबई येथें २०१३ सालीं उघडलेल्या एका इमारतींत वरच्या वर्गांच्या विश्रामदालनांस मजलेच्या मजले दिलेले असून तेथूनच परस्पर विमानांत चढतां येतें. हें औदार्य नव्हे, हा हिशेब आहे. विमानांतील पुढच्या मोजक्या खुर्च्यांचें भाडें मागच्या खुर्च्यांच्या कित्येक पट असतें. तो प्रवासी दुसऱ्या कंपनीकडे जाऊं नये म्हणून त्याची बडदास्त ठेवणें कंपनीस स्वस्तच पडतें.

आपल्या देशांत या प्रकारास निराळेंच वळण लागलें. येथें या दारांच्या किल्ल्या मुख्यतः बँकांच्या हातीं गेल्या. आमचें कार्ड घ्या, म्हणजे विमानतळावर विश्रामदालन फुकट, असें आमिष बँका दाखवूं लागल्या. दारांतील यंत्रावर कार्ड फिरवावें, दोन रुपयांसारखी नाममात्र रक्कम वळती व्हावी आणि दार उघडावें, अशी ही युक्ति. खरा आकार बँक दालनाच्या चालकास मागाहून देत असते; आणि कार्डाची वर्गणी, थकबाकीवरील व्याज व दुकानदारांकडून मिळणारी दलाली यांतून ती तो वसूल करते. परिणाम असा झाला कीं कार्डें वाढलीं, गर्दी वाढली, आणि निवांतपणासाठीं काढलेल्या दालनांच्या दारांत रांगा लागल्या. तेव्हां २०२३-२४ च्या सुमारास अनेक बँकांनीं नवी अट घातली: मागील तीन महिन्यांत कार्डावर ठराविक रक्कम खर्चिली असेल तरच प्रवेश. म्हणजे वाटसराची विश्रांति हें आतां अधिक खरेदी करणाऱ्याचें बक्षीस झालें!

मुंबईच्या विमानतळावरील अशाच एका दालनांत जाण्याचा प्रसंग आम्हांस नुकताच आला. २०१४ सालीं सुरू झालेली तेथील दुसऱ्या टर्मिनलची इमारत खरोखरीच देखणी आहे. मोरपिसाच्या नक्षीनें नटलेल्या त्या प्रचंड छताखालून चालत आम्ही त्या कांचेच्या दाराआंत गेलों. आंत जें पाहिलें त्याची निंदा करण्याचें कारण नाहीं. इडली, उपमा, पुलाव, ताजीं फळें, ताक, सर्व कांहीं मुबलक होतें. वाढणारे अदबीनें वागत होते. एका तरुण मातेला कोपऱ्यांतील कोचावर आपलें मूल निजवितां आलें होतें, तें पाहून बरें वाटलें. परंतु आमचें लक्ष पुनःपुन्हां दाराकडे जाई.

तेथें एक कुटुंब उभें होतें: सत्तरीच्या घरांतील आई-वडील आणि त्यांचा कर्ता मुलगा. मुलाच्या कार्डावर एकट्याचाच प्रवेश होता. बरोबरच्या पाहुण्यांस माणशीं काय पडेल तें दारावरील मुलीनें नम्रपणें सांगितलें. तो आकडा ऐकतांच आईंनीं मुलाचा हात धरला. "अरे, एवढ्यांत घरांत आठवड्याची भाजी येईल! तूं जा, खाऊन घे. आम्ही इथें बसतों. माझ्या पिशवींत दशम्या आहेत." मुलगा पैसे भरावयास तयार होता, पण आई ऐकेनात. वडील कांहींच बोलले नाहींत. गुडघ्यावर हात ठेवून ते जवळपास रिकामी खुर्ची आहे काय तें पाहूं लागले. शेवटीं मुलगा एकटाच आंत आला, आमच्या समोरच्या मेजावर बसला, त्यानें ताटलींत दोन इडल्या घेतल्या, आणि त्या तशाच ठेवून पांच मिनिटांत तो बाहेर निघून गेला. आंतील पदार्थ बाहेर नेण्याची तेथें मनाई होती. विश्रांतीची सर्वांत अधिक गरज ज्यांस होती तीं दोघें दाराबाहेर, आणि आंत आमच्यासारखीं धडधाकट माणसें पाय पसरून बसलेलीं, असा तो देखावा होता.

आपल्या भाषेंत याला एक नेमका शब्द आहे: पंक्तिभेद. शेजारीं शेजारीं जेवावयास बसलेल्यांपैकीं एकाच्या पानावर साजूक तुपाची धार धरावी आणि दुसऱ्याच्या पानावरून वाढणारानें तसेंच पुढें जावें, हें आपल्याकडे पाप मानलेलें आहे. या तत्त्वाशीं आपणच दीर्घकाळ प्रतारणा केली. जातीपरत्वें पंक्तीच निराळ्या मांडल्या आणि वर पंक्तींत भेद नाहीं असें समाधान मानलें. तो दोष आपल्या माथीं आहे, म्हणूनच नव्या पंक्तिभेदाकडे आपण अधिक डोळसपणें पाहिलें पाहिजे. जन्मावरून पंक्ति मांडणें अन्यायाचें, हें एकदां पटल्यावर, थैलीवरून पंक्ति मांडणें आपोआपच न्याय्य कसें ठरेल?

कोणी म्हणेल, ज्यानें अधिक पैसे मोजले त्यानें अधिक सुख घ्यावें, यांत अन्याय तो कसला? हा आक्षेप अगदींच टाकाऊ नाहीं. आगगाडींतहि पहिला वर्ग आहेच, आणि कोणीं मऊ कोचावर बसावें यास आमची ना नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, वरच्या वर्गाचें सुख सजवितांना सर्वांच्या साध्या सोयींचा विसर पडूं नये. महात्मा गांधींनीं १९१७ सालीं मुंबईहून मद्रासपर्यंत तिसऱ्या वर्गानें प्रवास करून तेथील हालांविषयीं वृत्तपत्रांस पत्र लिहिलें होतें. दोन वर्गांच्या भाड्यांत जी तफावत आहे तिच्या मानानें सोयींतील तफावत फारच मोठी आहे, हा त्यांचा मुद्दा होता. आगगाडीचा तिसरा वर्ग १९७४ सालीं नांवानें गेला. मुद्दा मात्र विमानतळावर आजहि लागू आहे. बाहेर मिळणारा चहा जितका महाग, तितका आंतला ‘फुकट’ चहा अधिक गोड लागतो! या दृष्टीनें एक गोष्ट आम्हांस समाधानाची वाटते. डिसेंबर २०२४ मध्यें कलकत्त्याच्या विमानतळावर सरकारच्या वतीनें ‘उडान यात्री कॅफे’ नांवाचें उपाहारगृह निघालें. तेथें चहा दहा रुपयांस, पाण्याची बाटली दहा रुपयांस आणि समोसा वीस रुपयांस देण्यास प्रारंभ झाला, आणि मागाहून चेन्नईसारख्या इतर ठिकाणींहि तसेंच उपाहारगृह उघडण्यांत आलें. ज्याच्यापाशीं कोणतेंहि कार्ड नाहीं त्याला ताठ मानेनें पितां येईल असा तो चहा आहे. विमानतळाची शोभा अशा चहानें अधिक वाढते, असें आमचें मत आहे.

आतां घरच्या मंडळींसाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी. प्रवासास निघण्यापूर्वीं आपल्या कार्डाच्या अटी वाचून ठेवाव्या: तीन महिन्यांत किती वेळां प्रवेश, खर्चाची अट आहे काय, पाहुण्यास मुभा आहे काय, लहान मुलांचें वय किती धरतात. कार्ड ज्याच्या नांवाचें त्यालाच प्रवेश मिळतो. मुलानें आपलें कार्ड आईच्या हातीं देऊन भागत नाहीं. कांहीं बँका घरांतील माणसांच्या नांवें जोडकार्ड देतात, त्याची चौकशी करावी. बहुतेक दालनांत दोन-तीन तासांहून अधिक बसूं देत नाहींत. तसेंच मुंबईसारख्या विमानतळांवर विमान सुटण्याची वर्दी मोठ्यानें देण्याची पद्धत आतां राहिलेली नाहीं. कोचावर डोळा लागला आणि विमान निघून गेलें असें होऊं नये, म्हणून फलकावर लक्ष ठेवावें. ज्यांस चालण्याचा खराच त्रास आहे त्यांच्यासाठीं चाकांची खुर्ची विमान कंपनीकडून विनामूल्य मिळते; ती तिकीट काढतांनाच मागून ठेवावी. तिच्यासाठीं कोणतेंहि कार्ड लागत नाहीं, आणि आमच्या मतें कोणत्याहि विश्रामदालनाहून तिचा उपयोग अधिक.

सर्वांत महत्त्वाची सूचना अशी कीं, वृद्धांच्या विश्रांतीचा खर्च घरींच ठरवून टाकावा. तिकिटाचे पैसे धरतों, जादा सामानाचे धरतों, तसे हेहि धरावे. दारांत उभें राहून, आकडा विचारून, मग "आई, येतेस का?" असें म्हणूं नये. दारांत विचारलें तर आई नेहमीं ‘नको’च म्हणणार; साऱ्या जन्मांत तिनें स्वतःसाठीं दुसरा शब्द उच्चारलेला नसतो. आणि तेवढा खर्च झेपत नसेल तर सर्वांनीं मिळून बाहेरच बसावें, दशम्या सोडाव्या, दहा रुपयांचा चहा मिळत असेल तर तो घ्यावा. एकत्र बसून खाल्लेल्या दशमीची चव कोणत्याहि कांचेच्या दाराआड मिळत नाहीं.

एखाद्या घराचें आतिथ्य पारखावयाचें असेल तर जाणते लोक मुख्य पाहुण्याचें पान पाहत नाहींत. सर्वांचीं जेवणें उरकल्यावर शेवटच्या पंक्तीला, म्हणजे घरांतल्या बायकांना, काय उरलें तें पाहतात. विमानतळाचीहि परीक्षा तशीच करावी. दाराआंतल्या कोचांचें वर्णन पुष्कळ झालें. दाराबाहेर बसलेल्या वृद्धाला मध्यरात्रीं बरी खुर्ची, पिण्याचें पाणी आणि स्वच्छ मोरी विनासायास मिळते काय, हें परत आल्यावर आपल्या माणसांनीं आपल्याला सांगावें, आणि मिळत नसेल तर संबंधितांस तसें लिहून कळवावें. तेवढें पत्र लिहिण्याचें शिक्षण आपल्या घरांतून आहे. त्याचा उपयोग दुसऱ्याच्या आजीबाईंसाठींहि व्हावा.