अठराशे रियालचा कागद

सोलापुरात अशोक चौकाजवळच्या त्या खोलीत आम्ही चौघं जमिनीवरच बसलो होतो. आईच्या मांडीवर सूप, सुपात विडीची कापलेली पानं आणि तंबाखू. बोलतानाही तिची बोटं थांबत नव्हती. गुडघ्याजवळच्या पिशवीत मुलाचे कागद होते.

मी आयटीआयमधून निवृत्त झालो, तेव्हापासून पूर्व भागातली मुलं परदेशी नोकरीचे कागद घेऊन माझ्याकडे येतात. हा मुलगा पुण्यात एसीचे डक्ट बसवायला शिकला. वडील यंत्रमागावर होते. कारखाना बंद पडला. आता कतारमधल्या दोह्याच्या एका कंपनीचं पत्र आलंय.

आधी पासपोर्ट पाहिला. दहावी नापास, म्हणून त्यावर 'ईसीआर' छापलेलं. असा पासपोर्ट असलेल्याला आखातासह 18 देशांत नोकरीसाठी जायचं तर 1983 च्या कायद्याप्रमाणे सरकारची मंजुरी लागते. ही अक्षरं दिसली की मुलं खाली मान घालतात आणि एजंटाला तेवढंच हवं असतं. "व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून देतो," असं यालाही सांगितलं होतं. त्या व्हिसावर काम करता येत नाही, मंजुरी नसते, सरकारदरबारी करारही नसतो. मी त्याला म्हटलं, "बाळा, या अक्षरांची लाज वाटून घेऊ नकोस. त्यांच्यामुळेच तुझा करार सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर चढतो, दोन वर्षांना 275 रुपये भरून 10 लाखांचा विमा मिळतो."

मग पगार. "काका, एजंट अठराशे रियाल म्हणतो." पत्रात मूळ पगार 1,000, राहणं-जेवण कंपनीचं. कतारमध्ये 2021 पासून किमान पगार 1,000 रियाल आहे. कंपनीने खोली दिली नाही तर वर 500, जेवण दिलं नाही तर 300. एजंटाने तिन्ही आकडे एकत्र करून सांगितले होते. हातात येणार 1,000. रियालला 23 रुपये धरले तर 23,000. ओव्हरटाइम मिळाला तर वर. मुलाने मोबाइलवर तीनदा गुणाकार केला. आईची बोटं तेवढा वेळ थांबली.

एजंटाला द्यायचे होते 90,000. नोंदणी असलेल्या एजंटालाही 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि त्याची पावती द्यावी लागते. "पावती मागितली तर पत्र दुसऱ्याला देतो म्हणाला," मुलगा हळूच बोलला. मला राग आला तो इथे. बहिणीच्या गळ्यातलं गहाण ठेवायचं ठरलं होतं. ई-मायग्रेटच्या यादीत आम्ही त्या एजंटाचं नाव शोधलं. सापडलं नाही.

कंपनी खरी निघाली, तर पुढची पायरी कतार व्हिसा सेंटर. सोलापूरहून मुंबई किंवा हैदराबाद गाठायचं. तिथे बोटांचे ठसे, डोळे, एक्स-रे. छातीत जुन्या क्षयाचा डाग दिसला की माणूस 'अनफिट'. मागाच्या धुळीत वाढलेल्या वस्तीत या एक्स-रेची धास्ती मोठी. करारावर सहीही तिथेच. तो हिंदीत वाचायला मिळतो. पत्रातले आकडे आणि पडद्यावरचे आकडे जुळले नाहीत, तर सही न करता उठायचं, हे मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

"आणि कंपनी वाईट निघाली तर?" बहिणीने विचारलं. 2020 मध्ये कतारचा कायदा बदलला. आता मालकाच्या ना-हरकतीशिवाय नोकरी बदलता येते. पहिल्या दोन वर्षांत एक महिन्याची नोटीस पुरते. पण नवा मालक सापडायला हवा. राहण्याचा परवाना काढणं, वेळेवर नूतनीकरण करणं अजून कंपनीच्याच हातात. तिने ढिलाई केली की बेकायदा ठरतो कामगार. पळून गेल्याची तक्रार झाली तर त्याहून वाईट. नोकरी गेली म्हणजे तिथे झोपायची जागाही गेली, हे मी त्या घरात मुद्दाम स्पष्ट बोललो.

मुलाने प्रत्येक पानाचा फोटो काढून बहिणीच्या मोबाइलवर पाठवला. एजंटाला फोन लावून पावतीचं विचारलं. पलीकडून फोन ठेवला गेला. कंपनीच्या कार्यालयाचा नंबर पत्रावर होता, तो दुसऱ्या दिवशी लावायचं ठरलं.

निघताना आईने एक कागद पुढे केला. ती तेलुगू शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. "कंपनीचं नाव आमच्या अक्षरांत पाहिजे," ती म्हणाली. मी एकेक अक्षर सांगत गेलो आणि मुलीने तेलुगूत लिहिलं. आईने ते मोठ्याने वाचलं, चुकलं, पुन्हा वाचलं.