खोल खाणीची रचना व तिचा नकाशा

आमच्या मोहोळाकडे खाण म्हटली कीं ती काळ्या फत्तराची. उघड्यावर सुरुंग लावावा, दगड फोडून न्यावा, मागें खड्डा राहतो. यामुळेंच एका स्नेह्यांनीं नागपूरकडील रद्दींतून आणलेला खाणीचा नकाशा खर्डा समजून पोथीच्या पुठ्ठ्यास चिकटविला. रेषा एकावर एक आलेल्या, अंक विखुरलेले. शेताच्या नकाशाप्रमाणें त्याचा अर्थ लागेना. संग्राहकांकडून असें पुनः न घडावें म्हणून हें टिपण.

नागपूर-भंडारा भागांत मँगनीजचें काम इ. स. १९०० च्या सुमारास सुरू झालें. तेथील थर जमिनींत तिरपा उतरतो. प्रथम माल वरून खणून निघाला. पण खोली वाढली तसा माथ्यावरचा दगड हटविण्याचा खर्च परवडेना, आणि कांद्री, गुमगांव, चिखला येथें भूगर्भांत शिरावें लागलें.

आरंभ उभ्या विहिरीपासून होतो. ती मालांत खणीत नाहींत. थराच्या खालच्या अंगास पक्क्या खडकांत खणतात. मालांत खणली तर तिच्या आधारासाठीं भोंवतालचा माल कायमचा सोडावा लागेल. ठराविक खोलींवर विहिरींतून आडवे बोगदे थरापर्यंत नेतात, मग थराच्या लांबीनें चालवितात. एका मजल्यावरील बोगदा दुसऱ्याशीं उभ्या भोंकानें जोडला कीं हवा खेळते व माणसांस दुसरी वाट मिळते. विहिरीच्या तोंडाशीं लोखंडी सांगाडा, त्यावरील चाकावरून तारेचा दोर, दोरास पिंजरा. तळाशीं पाणी सांठविण्याचें कुंड व तें उपसणारे पंप. पंप थांबला तर खालचा मजला बुडतो. माल खालून वर, काप घेत काढतात. रिकाम्या जागेंत पाण्याबरोबर नळांतून वाळू सोडतात. पाणी निथळतें, वाळू बसते, आणि तिच्यावर उभे राहून पुढचा काप घेतात.

कौटिल्याच्या आकराध्यक्ष-प्रकरणांत धातूंच्या परीक्षेचा विस्तार पुष्कळ आहे; खोल उतरण्याच्या रीतीविषयीं मात्र तेथें फारसें हातीं लागत नाहीं.

आतां नकाशाकडे वळूं. एकावर एक आलेल्या रेषा म्हणजे निरनिराळ्या खोलींवरील बोगदे. काम बंद पडल्यावर त्यांत पाणी भरतें, आणि तें कोठवर पसरलें आहे हें सांगणारा साक्षीदार बहुधा तो कागदच. धनबादजवळ चासनाला येथें २७ डिसेंबर १९७५ रोजीं जुन्या, सोडून दिलेल्या कामांतील पाणी चालू खाणींत घुसून साडेतीनशेंहून अधिक माणसें दगावलीं. ती खाण कोळशाची; पण पाण्यास कोळसा काय आणि मँगनीज काय!

असा कागद हातीं आल्यास प्रमाण, उत्तरदिशा, मजल्यांचे अंक व शेवटच्या मोजणीची तारीख प्रथम पाहावी. तारीख पुष्कळदां कडेच्या कोऱ्या जागेंत असते. बांधणीच्या वेळीं ती कड कापूं नये. खाण सुरक्षा महासंचालनालयाचें कार्यालय नागपुरास आहे. नक्कल तेथें धाडावी. आमच्या स्नेह्यांचा नकाशा भिजवून पुठ्ठ्यापासून सोडविला आहे. अंक शाबूत आहेत. तारखेची कड मात्र कात्रींत गेली.