लाकूड आणि सीएनसी, लेखांक ६ : टॅब किती यापेक्षा टॅब कुठे

गेल्या आठवड्यात बिटांचे प्रकार पाहिले. अपकट बिट भुसा वर फेकतो आणि त्याबरोबर लाकडालाही वर ओढतो, हे आज कामी येईल. १८ मिमी प्लायमधून एखादा भाग आरपार कापताना शेवटच्या फेरीपर्यंत तो शीटचाच असतो. त्या फेरीत तो सुटा होतो आणि बिट तर अजून त्याला खेटून फिरतच असतो. अपकट बिटाने भाग जरा वर उचलला किंवा तो सरकला की कडेला खाच पडते, बिट मोडतो, नाहीतर तुकडा उडतो. म्हणून तळाशी ठिकठिकाणी थोडं लाकूड न कापता ठेवायचं, तोच टॅब. ६ मिमीच्या बिटाला साधारण ६ मिमी रुंद, ३ मिमी जाड टॅब पुरतो. मात्र काही सॉफ्टवेअर बिट जेवढ्या अंतरात उचलला जातो तेवढीच रुंदी धरतात. तिथे ६ मिमी लिहिलं, तर बिट दोन्हीकडून तीन-तीन मिमी खातो आणि मध्ये काहीच उरत नाही. अशा ठिकाणी १२ लिहावं लागतं.

रुंदी जमली की बहुतेक जण ‘चार टॅब, समान अंतरावर’ एवढं सांगून मोकळे होतात. ते मला पटत नाही. बिटाचा जोर मुख्यतः आडवा असतो आणि कडेबरोबर दिशा बदलत जातो. लांबट पट्टीच्या एकाच बाजूला टॅब आले, तर ती बिजागरीवरच्या दारासारखी हलते. समोरासमोर दोनच असले तरी ती जागेवर राहते. सागवानासारख्या सलग लाकडात तंतूंच्या रेषाही बघाव्या लागतात. रेषा जिथे कडेला समांतर धावतात, तिथला टॅब रेषेवरच फाटतो आणि कधी भागाची ढलपी घेऊन जातो. रेषा जिथे कडेला संपतात, तिथे तंतू टॅबमधून सलग जातात आणि तो घट्ट धरतो. यातलं काहीच समान अंतर मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला दिसत नाही.

हवेच्या दाबाने शीट धरून ठेवणारा व्हॅक्यूम बेड असताना टॅब कशाला, असं विचारलं जातं. मोठ्या भागांपुरतं ते खरं आहे. पण हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला फार तर एक किलो. ३० बाय ४० सेंमीच्या फळीवर त्याच्या निम्मा मिळाला तरी ६०० किलो होतात. ४ बाय ५ सेंमीच्या तुकड्याला मात्र दहाच, आणि आडवं सरकणं अडवायला त्यातलं फक्त घर्षण. शिवाय कापलेल्या फटींतून हवा गळतेच. दुसरा पर्याय म्हणजे तळाशी अर्धा मिमी पापुद्रा ठेवणं. खोलीचं शून्य शीटच्या वरच्या पृष्ठावर घेतलं असेल आणि प्लायची जाडी अर्ध्या मिमीने कमी भरली, तर पापुद्रा उरतच नाही. टॅबच्या सफाईला वेळ जातो, ही तक्रार रास्त आहे. पण टॅब सरळ कडेवर असेल तर बेअरिंगचा ट्रिमर एका फिरवणीत तो काढतो. आतल्या अरुंद गोलाईवर किंवा कोपऱ्यात असेल तर पटाशी घेऊन बसावं लागतं. सागवानातला टॅब मात्र हाताने मोडू नये, टाकाऊ बाजूकडून करवतीने कापावा.